मागच्या खोलीतला विकास

सुरतेत पर्वत पाटियाचा मोठा चौक मागं टाकून खाडीच्या बाजूला उतरलं की घरांच्या सहा गल्ल्या लागतात. त्यांतल्या शेवटच्या गल्लीत, अगदी टोकाच्या घरात सुकदेव बोरसे राहायचा. पुढं एक खोली, मागं एक खोली, मधे स्वयंपाकाचा ओटा, एवढंच घर. वरच्या मजल्याला कुलूप होतं. सुकदेव मूळचा पारोळ्याकडचा, पण सगळं आयुष्य गेलं पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये. अठ्ठावीस वर्षं त्यानं साड्यांचं कापड रंगवलं. ज्या डोळ्यांच्या भरवशावर रंगवलं, ते डोळे काचबिंदूनं नेले. आता पाच वर्षं झाली होती, त्याला ऊन पडलंय की दिवस मावळलाय हेही अंगाला लागेल तेवढंच कळायचं.

तरी त्याचं फारसं अडत नव्हतं. खिचडी तो स्वतः टाकायचा, समोरच्या घरची सुवर्णा भाकरी आणून द्यायची. दुकानापर्यंतची पावलं त्याला पाठ होती. बायको जाऊन चौदा वर्षं झाली होती. मुलगा होता, एकुलता एक, विकास. तो नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेला, तो परत आला नव्हता.

आषाढ लागायच्या सुमारास एके सकाळी दाराची कडी वाजली.

"बाबा, मी चंचल निकम. चौथ्या गल्लीत राहते. यादी करायला आलेय."

"कसली यादी? मतदानाची?"

"नाही हो. पूर आला, आग लागली, तर कुठल्या घरात कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला चालवत नाही, हे बंबवाल्यांना आधी ठाऊक असावं म्हणून. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या गल्लीतल्या बहिऱ्या आजोबांना बोटवाल्यांनी हाका मारमार मारल्या. उत्तर नाही, म्हणजे घर रिकामं, असं समजून बोट पुढं गेली. आजोबा आत जेवत बसले होते."

"मग?"

"मग शेजाऱ्यांनी गच्चीवरून आरडाओरडा केला, तेव्हा बोट वळली. त्यानंतर बंबवाल्यांनीच आम्हा दहा-बारा बायकांना हे काम शिकवलंय."

सुकदेवनं तिला आत बोलावून खुर्ची दिली. आवाजावरून बाई तिशीची असावी. बोलणं आपल्याकडचं, खानदेशी वळणाचं, मधूनच गुजराती शब्द. नाव, वय, कधीपासून दिसत नाही, सगळं तिनं लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, "समजा माणसं तुम्हाला न्यायला आली, तर त्यांनी काय करावं?"

गेल्या पाच वर्षांत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. रस्ता ओलांडायला उभा राहिला की लोक दंडाला धरून ओढत न्यायचे, कधी कधी त्याला जायचंच नसायचं त्या बाजूला. तो सावरून बसला.

"आधी नाव सांगावं. न सांगता हात लावू नये. आणि मला ओढू नये, ओढलं की मी पडतो. माझा हात त्यानं आपल्या खांद्यावर ठेवावा आणि पुढं चालावं. पायरी आली तर सांगावं, वर का खाली. एवढं केलं तर मी कुठंही येईन."

चंचलनं ते तसंच्या तसं लिहिलं, लिहिताना मोठ्यानं म्हणतही होती. सुकदेवला बरं वाटलं.

"आता घरात आणखी कोण कोण असतं?"

खरं तर एका शब्दात उत्तर देता आलं असतं. 'कोणी नाही' म्हणायला सुकदेवनं तोंडही उघडलं होतं. पण आपलं नाव नुकतंच कागदावर चढलंय, त्याच्या खालची ओळ कोरी राहणार, हे त्याच्या मनात आलं आणि जीभ भलतीकडंच वळली.

"मी आणि माझा मुलगा. विकास."

"वय?"

"चौतीस." हे त्यानं झटकन सांगितलं. वय त्यानं कधीच चुकू दिलं नव्हतं.

"कामाला जातात ना? मग दिवसा तुम्ही एकटेच?"

"नाही नाही. रात्रपाळी आहे त्याला. दिवसा झोपलेला असतो, मागच्या खोलीत." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आत्ताही झोपलाय."

चंचलनंही लगेच आवाज खाली आणला. "असू द्या, उठवू नका. सोबत तरणाताठा माणूस आहे म्हणजे काळजी नाही." तिनं दारावर यादीत नाव असल्याची एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि हळूच दार ओढून घेऊन ती गेली.

सुकदेवनं कडी लावून घेतली. खोटं बोलल्याचा पस्तावा व्हायला हवा होता, पण तो काही होईना. उलट एक बाई आपल्या मुलाची झोपमोड होऊ नये म्हणून दबक्या आवाजात बोलली, पाऊल न वाजवता गेली, याचंच त्याला भरून येत होतं. कुठल्या तरी ऑफिसातल्या कागदावर आता ते दोघं एका घरात राहत होते. दुपारी त्यानं भांडी घासली तीसुद्धा आवाज न करता.

विकास का गेला, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीतली माणसं सारखी बदलायची, जुनं कोणी उरलंच नव्हतं. सुकदेवलाच ते ठाऊक होतं आणि त्यानं ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

बाप-लेक एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात होते. एका डब्यात जेवायचे. सुकदेव नमुन्याशी रंग जुळवायचा आणि विकास त्याच्या हाताखाली रंगाची पूड तोलून द्यायचा. एक दिवस राणी रंगाचा मोठा लॉट काढायचा होता. कापड मशीनबाहेर आलं ते जांभळट. पार वाया गेलं. रंगमास्तर सगळ्यांसमोर कडाडला, "हे कोणी केलं?" त्या दिवशी पूड सुकदेवनं स्वतः तोलली होती, आकडा त्याला धूसर दिसला होता. पण तोंडून निघालं, "पोरानं वजन चुकवलं." विकास नुसता म्हणाला, "आप्पा, अहो..." आणि सुकदेवनं त्याच्या थोबाडीत मारली. पंचविशीतल्या मुलाला, साऱ्या खात्यादेखत.

संध्याकाळी घरी येऊन विकासनं पिशवी भरली आणि उधना स्टेशनवरून भुसावळची गाडी धरली. दोन महिन्यांनी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आजचा नाही, नजर निदान दोन-तीन वर्षांपासून जातेय. त्या दिवसापासून सुकदेवला मुलाची आठवण आली की आधी तळहात आठवायचा.

भाचा रामदास अधूनमधून गावाकडची खबर द्यायचा. विकास जळगावला आहे, पाइपच्या कारखान्यात लागलाय, लग्न झालं, मुलगी झाली. चार वर्षांपूर्वी रामदासनंच विकासचा नंबर सांगितला. सुकदेवनं तो दहा आकड्यांचा नंबर पाठ केला. रोज झोपण्यापूर्वी तो मनात म्हणायचा. लावला मात्र एकदाही नाही. लावून बोलायचं काय?

चंचल येऊन गेल्यावर महिनाभरातच खाडी भरली.

तीन दिवस पाऊस धरून होता. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीत गाडी फिरली, कर्ण्यावरून सांगत होते, घरं सोडा, डिंडोलीच्या शाळेत सोय केली आहे. लोकांची एकच धांदल उडाली. सुवर्णा नेमकी त्या आठवड्यात माहेरी नंदुरबारला गेली होती. सुकदेवनं दारात उभं राहून दोघा-तिघांना हाका मारल्या, पण पावसाच्या आणि माणसांच्या गोंगाटात त्या कोणाला ऐकू गेल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी गाडीवरच्या एकानं विचारलं, "शेवटच्या घरातले बाबा?" त्यावर दुसरा ओरडला, "यादीत आहेत ते. मुलगा आहे सोबत, आणेल तो." हे मात्र सुकदेवला लख्ख ऐकू आलं.

थोड्या वेळात गल्ली सुनी झाली. मग उंबऱ्यावरून पाणी आत आलं, गार आणि वासाचं. तो बाहेर पडायला गेला तर नेहमीची पावलं मोजायला जमीनच सापडेना. खालून पाण्याची ओढ लागत होती. तो मागं फिरला. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा पलंगावर चढला, पलंग हलायला लागला तेव्हा चाचपडत ओट्यावर गेला आणि भिंतीला पाठ लावून पाय पोटाशी घेऊन बसला. डबे एकेक करून तरंगत येऊन ओट्याला टक्कर द्यायचे. फोन कुठं तरी पाण्यात गेला होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक, दोन तास तरी गेले असतील. पाणी ओट्याला येऊन टेकलं. भीती वाटली नाही असं नाही, पण तिच्यातही त्याच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं: मुलगा आहे सोबत, आणेल तो.

अखेर बोटीच्या मशीनचा आवाज आला. दारावर थाप पडली आणि पाठोपाठ आवाज, अगदी जवळून.

"बाबा, मी लखन. बंबातला. घाबरू नका. मी तुमच्या डाव्या हाताला उभा आहे. हा माझा खांदा. हात ठेवा."

सुकदेवनं हात पुढं केला. ओला, रुंद खांदा हाताला लागला. "आता ओट्यावरून खाली उतरायचंय," लखन म्हणाला. "पाणी तुमच्या कमरेच्या थोडं वर आहे. तळ सरळ आहे. चला. इथं उंबरा, वर. शाबास." असं सांगत सांगत त्यानं सुकदेवला दाराबाहेर काढलं आणि दोघांनी मिळून बोटीत बसवलं. कोणी ओढलं नाही, कोणी ढकललं नाही. त्याच्या अंगावर कोणी तरी कोरडी चादर टाकली.

"उशीर झाला बाबा, माफ करा," लखन म्हणाला. "दुसऱ्या गल्लीत दोन आजी एकट्या होत्या, एक तर अंथरुणाला खिळलेली. तुमच्यासोबत तरुण माणूस आहे असं यादीत होतं, म्हणून आधी त्यांना काढलं."

बोटीवरच्या साहेबानं कागद पाहिला असावा. तो गुजरातीत म्हणाला, "लखन, अंदर बीजो एक जण छे. विकास. पाछळना रूममां सूतो होय." आत आणखी एकजण आहे, मागच्या खोलीत झोपलेला असेल.

"हो, विसरलोच!" लखन म्हणाला आणि पुन्हा पाण्यात उतरला.

त्याच क्षणी सुकदेवनं बोलायला हवं होतं. शब्द ओठावर आले होते. पण तेवढ्यात घरातून हाक आली, "विकासभाऊ! ओ विकासभाऊ!"

नऊ वर्षांनी त्या घरात कोणी तरी ते नाव घेत होतं. पाण्यानं भरलेल्या खोल्यांत ते घुमून बाहेर येत होतं. "विकासभाऊ, आवाज द्या!" सुकदेवचे हात चादरीवर आवळले गेले. आपण थांबवायला हवं, हे त्याला कळत होतं. पण अजून एकदा, अजून एकच हाक, असं त्याला झालं. जणू हाका मारून मारून आतून खरंच कोणी 'ओ' देणार होतं.

आणि मग आत काही तरी मोठं कोसळलं. लोखंडी कपाट असावं. पाणी उसळल्याचा आवाज झाला, लखनची अर्धवट किंकाळी आली आणि तुटली.

"लखन!" साहेब ओरडला.

"मागं या!" सुकदेव उठूनच उभा राहिला, बोट कलली, कोणी तरी त्याला कमरेला धरलं. "आत कोणी नही शे! मना पोऱ्या आठे ऱ्हास नही! नऊ वर्षं झाली, तो इथं राहत नाही! बाहेर ये रे बाबा, आत कोणी नाही!"

त्याच्या तोंडून घरातली अहिराणी आणि मराठी एकमेकांत मिसळून बाहेर पडत होती. दुसरा एक गडी पाण्यात उतरला. पुढचे काही क्षण सुकदेवला त्या दोन तासांपेक्षा लांब वाटले. मग खोकण्याचा आवाज आला आणि लखन बोटीच्या कडेला येऊन लागला. कपाटाच्या पत्र्यानं त्याचा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता.

कोणी रागावलं नाही. साहेब फक्त म्हणाला, "काका, पहेलां कहेवुं हतुं ने." आधी सांगायचं होतं ना. आणि त्यानं मशीन सुरू केलं. वाटभर लखन त्याच्या शेजारीच बसला होता. सुकदेव चाचपडत त्याचा चांगला हात शोधत म्हणाला, "माझ्यामुळं झालं हे." लखन म्हणाला, "असू द्या. चार टाक्यांचं काम आहे." पण ते त्यानं दात आवळून म्हटलेलं कळत होतं.

डिंडोलीच्या शाळेत वर्गावर्गांत माणसं भरली होती. तासाभरानं चंचल त्याला शोधत आली. तिला सगळं कळलेलं होतं. ती शेजारी येऊन बसली. सुकदेवच आधी बोलला.

"मी खोटं लिहायला लावलं तुला."

"हो."

"त्या पोराला काही झालं असतं तर?"

"सोळा टाके पडलेत. बोटं हलतायत." चंचल थोडी थांबली. "बाबा, मीही मागच्या खोलीत डोकवायला हवं होतं. आम्हाला शिकवलं होतं तसं, प्रत्येक खोली स्वतःच्या डोळ्यांनी बघा म्हणून. पण तुम्ही इतकं हळू म्हणालात, झोपलाय म्हणून, मला आत जायचा धीरच झाला नाही." मग तिनं विचारलं, "कुठं असतो तो?"

त्यानं सांगितलं. मिलमधलं नाही, फक्त जळगावचं.

"नंबर आहे?"

सुकदेवनं दहाही आकडे एका दमात म्हटले. चंचल लिहून घेता घेता थांबली. "पाठ आहे तुम्हाला?"

"तू लाव," सुकदेव म्हणाला. "माझं धाडस होणार नाही. तू लाव आणि माझ्या हातात दे."

चार वेळा घंटी वाजली. पलीकडं मशीनचा घरघराट होता आणि त्यातून एक जाडसर, पोक्त आवाज आला, "हॅलो? कोण बोलतंय?"

हा आवाज सुकदेवनं कधी ऐकलेला नव्हता. त्याच्या कानात पंचवीस वर्षांचा विकास होता.

"मी शे," तो म्हणाला. "सुकदेव."

घरघराट हळूहळू मागं पडला. माणूस चालत बाहेर आला असावा.

"आप्पा?"

चंचल उठून खिडकीपाशी गेली.

"आप्पा, काय झालं? कोणाचा फोन आहे हा? बरे आहात ना?"

"पाणी आलं होतं घरात. बंबवाल्यांनी काढलं. बराय मी. शाळेत आहे." मग थांबला तर परत जमणार नाही हे ओळखून तो बोलून गेला, "विकास, त्या रोजे रंग मीच चुकाडा व्हता. वजन मी केलं होतं. मला आकडा नीट दिसला नव्हता."

पलीकडं कुठं तरी एक ट्रक मागं घेत होते, त्याची पिपाणी वाजत होती.

"माले माहीत व्हतं, आप्पा."

"माहीत होतं?"

"तुम्ही नमुना ट्यूबलाइटखाली तिरका धरून बघायचात, तेव्हापासून माहीत होतं. सहा महिने मी तुम्ही सांगितलेली वजनं तुमच्या मागं दुरुस्त करत होतो. त्या दिवशी दुसऱ्या मशीनवरच्या माणसानं मला थोडा वेळ बोलावून नेलं, तेवढंच राहिलं."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर बोललो असतो तर तुम्हाला घरी बसवलं असतं त्यांनी." विकासचा आवाज आता पूर्वीसारखा लागत होता. "मला वाटलं, घरी तरी म्हणाल. पिशवी भरायला मी मुद्दाम तासभर लावला, आप्पा. तुम्ही पुढच्या खोलीत पाठमोरे बसून होतात."

ती संध्याकाळ सुकदेवलाही आठवत होती. मागच्या खोलीतून कपाटाचं दार उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते आणि तो एकेक आवाज मोजत बसला होता.

"रामदासनं सांगितलं होतं, नजर गेली म्हणून," विकास म्हणाला. "तेव्हा निघालो होतो. उधन्याला उतरलो, चहा प्यालो, आणि पुढच्या गाडीनं परत फिरलो. कसं येऊ तेच कळेना." पलीकडून कोणी तरी त्याला हाक मारली. "सुपरवायझर बोलावतोय. हा नंबर कोणाचा आहे?"

"चंचल म्हणून एक आहे. यादी करते."

"तिला सांगा, माझा नंबर लिहून घे. काही झालं तर मला फोन करायचा." आणि फोन बंद झाला.

पाणी उतरायला तीन दिवस लागले आणि घरातला गाळ काढायला आणखी आठ. सुवर्णा परत आली, तिनं आणि गल्लीतल्या बायकांनी भिंती धुऊन दिल्या. चंचल नवीन कागद घेऊन आली. या वेळी ती दोन्ही खोल्यांतून फिरली. घरात कोण कोण, या प्रश्नाला सुकदेव म्हणाला, "एकटा." शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. खाली कळवायच्या माणसाचं नाव आणि नातं तिनं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग तो तिच्याबरोबर फिरायला लागला. चंचलचा खांदा धरून घरोघर जायचा. लोक आपल्या घरातलं असं माणूस सांगायला लाजायचे, लपवायचे. दुसऱ्या गल्लीत एक बाई ठामपणे म्हणाली की घरात सगळे धडधाकट आहेत. सुकदेव म्हणाला, "बाई, मला दिसत नाही, पण आत कोणी तरी ताटलीवर चमचा एकसारखा आपटतंय. ते कोण आहे ते हिला सांगा, आणि हाकेनं आलं नाही तर चमच्याच्या आवाजामागं येईल का, तेही सांगा." बाई आधी चिडली, मग रडली, मग तिनं आपल्या मुलीचं नाव सांगितलं, वर्षा. वय एकोणीस. अनोळखी माणसाला बघितलं की पलंगाखाली जाते, हेही सांगितलं. चंचलनं लिहिलं: पलंगाखाली बघावं.

लखनच्या घरीही सुकदेव जाऊन आला. टाके निघाले होते. लखननं चहा पाजला, फार बोलला नाही. सुकदेवलाही त्याहून जास्त हक्क वाटला नाही.

विकासचा फोन त्या काळात चंचलच्या मोबाइलवर दोनदा आला. जेवलात का, औषध आहे का, पाऊस कमी झाला का. दोन्ही वेळा दोन-तीन मिनिटं. भादव्यातल्या एका रविवारी तो आला. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आप्पा, मी विकास." सुकदेवनं हात पुढं केला. मुलगा अंगानं भरला होता, कानापाशी केस विरळ झाले होते, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी होती. विकासनं चेहरा हलवला नाही, हात फिरू दिला. गालावर आल्यावर सुकदेवचाच हात थांबला.

दिवसभर विकास कामालाच लागला होता. दाराची बिजागरी बसवली, गळका नळ बदलला. दुपारी म्हणाला, "पुन्हा पाणी आलं तर शाळेपर्यंत जायची वाट दाखवतो, चला." सुकदेवनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं निघाले. विकास सांगत होता, इथं नाली आहे, इथं चढ, इथं डावीकडं. सुकदेव पावलं मोजत होता, त्याचा एकही आकडा चुकला नाही. शाळेच्या फाटकाशी पोचल्यावर त्यानं खोटंच सांगितलं की लक्षात राहिलं नाही, पुन्हा एकदा दाखव. विकासनं पुन्हा दाखवली.

विकासनं 'जळगावला चला' म्हटलं तर काय सांगायचं, ते सुकदेवनं आठवडाभर आधी ठरवून ठेवलं होतं. 'नको रे, इथं माझी पावलं पाठ आहेत, चंचलचं काम आहे.' उत्तर तयार होतं. विकासनं विचारलंच नाही. एका खोलीत बायको, मुलगी आणि सासू, असं तो जेवताना बोलता बोलता म्हणाला होता. सुकदेवला कळलं. तरी तयार ठेवलेलं उत्तर घशात तसंच राहिलं.

चार वाजता विकासनं बूट चढवले. "मुलीला दिवाळीला आणतो," तो म्हणाला. "विचारत असते तुमच्याबद्दल."

"काय विचारते?"

"आजोबा कसे दिसतात, म्हणून."

"मग काय सांगतोस?"

विकासनं पिशवी उचलली. "आता सांगेन," म्हणाला. वाकून पाया पडला आणि गेला. सुकदेव दारात उभं राहून त्याची पावलं ऐकत होता. गल्लीच्या तोंडाशी ती क्षणभर थांबली, मग रिक्षाचा आवाज आला आणि काही कळेनासं झालं.

थोड्या वेळानं चंचल कागदांची पिशवी घेऊन तिकडून चालली होती. "गेला का?" तिनं विचारलं.

"गेला."

"परत कधी?"

"दिवाळीला म्हणालाय. मुलीला घेऊन."

"अजून सात आठवडे आहेत की," चंचल म्हणाली.

"सात नाही," सुकदेव म्हणाला. "पावणेआठ." आणि चप्पल शोधायला तो खाली वाकला, कारण पाचव्या गल्लीतली तीन घरं अजून व्हायची होती.